लग्न आणि दोन मुलं झाल्यावर स्वतःची बकेट लिस्ट पूर्ण करता येते का? कशी?

येते. पण तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय ते वाचून मला आधी दुसरंच विचारावंसं वाटतंय. तुमचं वय ३६, मुलगी सात वर्षांची, धाकटा तीनचा, हॉस्टेलवर असताना केलेली पन्नास गोष्टींची यादी अजून जपून ठेवलीय, त्यातल्या नऊ झाल्या, बुलेटवरून लडाख, फुल मॅरेथॉन, साल्हेर धरून सगळे मोठे किल्ले, गिटार वगैरे बाकी, आणि बायको म्हणते आता बास करा हे खूळ. एवढं सगळं लिहिलंत पण बायकोच्या यादीत काय आहे ते कुठंच नाही. तिला यादीच नाही असं तर नाही ना वाटत तुम्हाला?

माझी होती. जुन्या डायरीच्या शेवटच्या पानावर, किराणाच्या हिशेबाखाली. पोहायला शिकणं, मध्यमा पूर्णच्या परीक्षेवर सुटलेलं गाणं विशारदपर्यंत नेणं, नर्मदा परिक्रमा (ही गुडघ्यांकडं बघून खोडलीय), आणि सगळ्यात वर आळंदी ते पंढरपूर पायी.

माझं माहेर फलटण. माउलींची पालखी तिथल्या विमानतळाच्या मैदानावर मुक्कामाला असायची आणि आमच्या घरात त्या दिवशी चूल विझायची नाही, आई-काकू भाकऱ्या थापतायत, पोरं पाणी वाटतायत, ओसरीवर कुणी ना कुणी पाय चोळत बसलेलं. सकाळी सगळे बरडच्या दिशेनं निघून जायचे आणि आम्ही बायका मागं भांडी घासत. तेव्हापासून डोक्यात होतं की एकदा आपण जाणाऱ्यांत असायचं. लग्न होऊन हडपसरला आले तर इथंही पालखी दारावरून. म्हणजे सुटकाच नाही!

आता अडचण ऐका. जूनमध्ये शाळा सुरू होते आणि बहुतेक वर्षी जूनमध्येच पालखी निघते. अधिक महिना आला की जरा पुढं सरकते, २०१८ला आषाढी २३ जुलैला होती, पण तोवर पहिल्या युनिट टेस्टचं वेळापत्रक आलेलं असतं. युनिफॉर्म, रेनकोट, वह्या-पुस्तकांना कव्हर, व्हॅनवाल्याशी घासाघीस, सगळं त्याच पंधरवड्यात. त्यात मी नोकरी करते. पूर्ण वाट साधारण अडीचशे किलोमीटर, अठरा-वीस दिवस. एवढी सलग रजा मला बाळंतपणं सोडली तर कधी मिळालेली नाही, आणि बाळंतपणाला रजा म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही.

म्हणून तुकडे पाडले. पहिल्यांदा पुणे ते सासवड, जे आयटीवाले पण करतात, दिवे घाट चढून संध्याकाळी एसटीनं घरी. मग पुढच्या वर्षी जिथं सोडलं तिथून दोन-तीन मुक्काम, त्याच्या पुढच्या वर्षी त्याच्या पुढचे. रथामागच्या एका दिंडीत आधी सांगून ठेवायचं, पैसे भरायचे, सामान त्यांच्या ट्रकमध्ये टाकायचं, मुलं फलटणला आईकडं किंवा नवऱ्याकडं.

हे कळल्यावर आमच्या मोठ्या जाऊबाई एका वास्तुशांतीला सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुकड्या-तुकड्यानं कुठं वारी असते का? पुण्य काय हप्त्यानं मिळणारय?" सगळे हसले. मी पण हसले, वाढायचं चालू होतं, हातात मठ्ठ्याची बादली होती. पण ते वाक्य अजून गेलेलं नाही, तुमचा प्रश्न दिसला आणि परत वर आलं, म्हणून एवढं लिहितेय.

आता तरडगावचं सांगते, कारण तुमचं उत्तर तिथंच मिळालं मला. त्या वर्षी लोणंदहून निघाले होते. दुपारी निघायचं, टप्पा छोटा, वाटेत चांदोबाचा लिंब, तिथं पहिलं उभं रिंगण. माउलींचा अश्व दोन्ही बाजूच्या रांगांमधून दौडत गेला की लोक त्याच्या टापांखालची माती उचलायला धावतात, मी पण धावले आणि त्या गर्दीत नवीन सँडलनं टाचेला आलेला फोड फुटला. तळावर पोचेपर्यंत लंगडतच. संध्याकाळी समाजआरती. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: पालखी तळावर येते, सगळ्या दिंड्या गोल करून उभ्या राहतात, टाळ-मृदंग नुसता कल्लोळ, आणि सोहळ्याची शिस्त बघणाऱ्या चोपदारानं दंड वर केला की सगळं बंद. एवढा मोठा जमाव गप्प. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते, मग तिचं ऐकून घेतात. हरवलं-सापडलंचा पुकारा होतो, मग आरती.

तर चोपदारानं दंड वर केला, सगळीकडं शांत झालं, आणि माझा फोन वाजला. मुलीनं रिंगटोन बदलून ठेवलेली, लग्नातलं कुठलंतरी ढोलाचं गाणं. चार-पाच ओळींपर्यंत लोकांनी माना वळवल्या. मी पिशवीत हात घालून बटण शोधतेय, ते सापडेना. शेजारी परभणीकडच्या एक आजी होत्या, त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "उचल माय, लेकराचा असंल." उचलला. लेकराचाच होता. "आई, माझा शाळेचा बेल्ट कुठंय? बाबांना सापडत नाहीये." बाबा त्याच खोलीत. कपाट त्याच खोलीत. मी तरडगावच्या तळावर.

"खालच्या कप्प्यात, मोज्यांच्या डब्याखाली," असं कुजबुजत सांगितलं आणि ठेवला.

रात्री तंबूत आजींनी माझ्या दुसऱ्या टाचेच्या फोडातून सुईनं दोरा ओवून दिला (पाणी निघून जातं, कातडं शाबूत राहतं, शुगरवाल्यांनी मात्र करू नका) आणि विचारलं घरी कोण असतं. मी रडगाणं गायलं. मग त्यांनी त्यांचं सांगितलं. त्यांच्या घरी एक साल सासू येते, एक साल सून. "जी घरी राहती ती कुरकुर करत नाही. तिची पाळी ठरल्याली असती." सून जाते तेव्हा गुरं, पोरं, पेरणीची घाई, सगळं आजींच्या अंगावर, आणि सून फोन करून विचारत नाही की आजींना जमतंय का. एवढंच. मी नोकरीवाली, शिकलेली, पण नवऱ्याबरोबर असली पाळी ठरवायचं मला सुचलं नव्हतं.

घरी आल्यावर हिशेब मांडला. नवरा महिन्यातून दोन रविवार मित्रांबरोबर किल्ल्यावर. राजगड, तोरणा, रतनगड, हरिश्चंद्रगड कोकणकड्यासकट, सगळं झालेलं. त्याच्या सॅकमध्ये पुऱ्या आणि तिळाची चटणी भरायचे मी. ते कधी कुणी यादी म्हणून मोजलंच नाही, त्याला आमच्यात 'रविवार' म्हणत. माझे जूनमधले तीन दिवस मात्र सगळ्या नातेवाइकांना माहीत. असो. भांडण मोठं झालं, ते इथं लिहीत नाही. त्यातून निघालं ते असं की जानेवारीत भिंतीवरचं कॅलेंडर लागलं की आधी माझे दिवस लाल पेननं, मग उरलेल्यात त्याचे. जो घरी राहील त्यानं डबा, अभ्यास, व्हॅन, सिलिंडर, पाहुणे, ताप, सगळं बघायचं आणि बाहेर असलेल्याला बेल्टसाठी फोन करायचा नाही. पहिल्या वर्षी पोरांनी तीन दिवस मॅगी आणि ऑम्लेट खाल्लं. काही झालं नाही त्यांना.

'मुलं मोठी झाल्यावर करू' हे तुम्हाला शंभर लोक सांगतील. थाप आहे. मुलं मोठी होतात तशी नववी-दहावी-क्लास-सीईटी येते, आणि तोवर सासू-सासऱ्यांचे गुडघे, मग स्वतःचे. २०२० आणि २०२१ला तर पायी वारीच झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आमच्या दिंडीतले एक काका २०१९ला म्हणाले होते पुढच्या साली पूर्ण चालतो. वारी परत सुरू झाली तेव्हा ते नव्हते.

'मुलांना बरोबर घेऊनच करायचं' हे पण अर्धंच खरं. दिवे घाटात मी मुलाला नेलं होतं एकदा. अर्धा घाट तो माझ्या खांद्यावर, त्याला शू लागली, मग भूक, मग परत शू, आणि वर पोचल्यावर म्हणाला आता खाली घसरगुंडीनं जाऊया. मजा आली, पण ते माझं चालणं नव्हतं, ती सहल होती. दोन्हींची सरमिसळ करू नका.

आता तुमच्या यादीबद्दल. हॉस्टेलवर केलेल्या पन्नास गोष्टींतल्या निम्म्या रूममेटनं पण लिहिल्या होत्या म्हणून तुम्ही लिहिल्यात, पैज लावते. त्या काढून टाका. फुल मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटर, त्यासाठी काही महिने आठवड्यातल्या चार-पाच सकाळी रस्त्यावर जाणार. त्याच वेळात मुलीचा डबा आणि व्हॅन असते, ते कोण करणार हे आधी लिहून काढा, बूट नंतर घ्या. साताऱ्याची हिल मॅरेथॉन हाफ आहे, २१ किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढून, ती करा की आधी. साल्हेर बागलाणात, १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला. तुमच्या गावाहून जाऊन-येऊन शनिवार-रविवार पूर्ण लागणार असं धरा, तीन वर्षांच्याला घेऊन तर अजिबात नको. लडाखचे रस्ते साधारण उन्हाळ्यात उघडतात आणि थंडीच्या आधी मिटतात, बुलेटवरून म्हणजे दहा-बारा दिवस कमीत कमी. तेवढे दिवस बायको दोन मुलांसोबत एकटी. जा, नक्की जा, पण तेवढेच दिवस तिच्या नावावर आधी लिहा आणि ते आधी होऊ द्या. खर्चाचं आणि बुलेटचं मला कळत नाही. गिटारबद्दल पण दुसऱ्या कुणाला विचारा.

आणि तिला यादी विचाराल तेव्हा स्वयंपाक चालू असताना विचारू नका, "काही नाही" असंच उत्तर येतं. कदाचित ती म्हणेल मला दोन दिवस एकटीला लॉजवर नुसतं झोपायचंय. ते यादीत धरायचं, तोंड वाकडं करायचं नाही.

एक सांगायचं राहिलं. माझं जमलं त्यात आईचा वाटा मोठा आहे, ती वाटेवरच राहते, शेजारी चांगले, आणि नवरा भांडतो पण दिलेला शब्द पाळतो. ज्यांच्याकडं मूल ठेवायला कुणीच नाही, किंवा घरात आजारपण आहे, त्यांना हे सगळं सांगून उपयोग नाही, त्यांनी मला शिव्या दिल्या तरी चालतील. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर यादी गुंडाळून ठेवा, तेव्हा झोप हीच यादी.

राहता राहिला हप्त्यांचा मुद्दा. शेगावहून गजानन महाराजांची पालखी महिनाभर चालत येते. सोपानकाकांची सासवडहून निघते, कितीतरी कमी अंतर. मुक्ताईंची तिकडं खानदेशातून, निवृत्तीनाथांची त्र्यंबकेश्वरहून. मग सासवडवाल्यांची अर्धी आणि शेगाववाल्यांची दीडपट, असं कुणी म्हणतं का? आणि कितीतरी गावातल्या बायका पालखीबरोबर एक मुक्काम चालून परत फिरतात, घरी धारा काढायच्या असतात म्हणून, त्यांना पण वास्तुशांतीत हसायचं का? एक मात्र मानते, जाऊबाईंच्या गळ्यात माळ आहे, एकादशी कडक धरतात, मी नाही धरत, त्यामुळं त्यांना टोचणं साहजिक आहे.

माझं म्हणाल तर माळशिरसपर्यंत आलेय. वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर राहिलंय, आणि गंमत म्हणजे आळंदी ते पुणे पण राहिलंय, घराजवळचं आहे, कधीही होईल म्हणून. पोहायला शिकले, पालिकेच्या तलावावर लेडीज बॅचला, खोल पाण्यात अजून भीती वाटते. विशारदचं अजून काही नाही.

जाऊबाई हे वाचायची शक्यता आहे, पुतण्या सगळीकडचं सगळं त्यांना दाखवतो. तर जाऊबाई, पुढच्या खेपेला माळशिरसहून निघतेय. यायचं असेल तर दिंडीत दोघींचं सांगून ठेवते, त्यात घाट नाही लागत. आणि भाऊजींना बेल्ट कुठं ठेवलाय ते सांगून या.