कार्ड एकाच कंपनीचं, मग नियम वेगळे कसे?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. आयव्हीएफचा खर्च इन्शुरन्सने नाकारला, प्लॅनमध्ये बसत नाही म्हणे. मैत्रिणीकडे त्याच कंपनीचं कार्ड आहे आणि तिला सगळं मिळालं! इथे तर आयव्हीएफचा कायदाच आहे ना? नवऱ्याची कंपनी चांगली मोठी आहे. राज्याच्या इन्शुरन्स खात्याकडे तक्रार करू का?

उत्तर: ताई, तक्रार नंतर, आधी नवऱ्याला एचआरकडे एक ईमेल टाकायला सांगा, की आपला प्लॅन फुली इन्शुअर्ड (इन्शुरन्स कंपनीकडून विकत घेतलेला) आहे की सेल्फ-फंडेड (मालक स्वतः पैसे भरतो तो). सगळी मेख तिथेच आहे. कायदा आहे हे खरं, ५० पेक्षा जास्त लोकांच्या ग्रुप पॉलिसीला न्यू जर्सीत आयव्हीएफ द्यावंच लागतं, पण हे बंधन पॉलिसी विकणाऱ्या इन्शुरन्स कंपनीवर आहे. मोठ्या कंपन्या बरेचदा पॉलिसी विकतच घेत नाहीत, क्लेमचे पैसे स्वतःच्या खिशातून देतात आणि इन्शुरन्स कंपनीला फक्त कागदपत्रं सांभाळायला ठेवतात. कार्डावर लोगो तिचा, पैसा मालकाचा. अशा प्लॅनला राज्याचा नियम लागत नाही, कारण १९७४ चा एरिसा हा फेडरल कायदा आडवा येतो. तो म्हणतो की इन्शुरन्सवर राज्यांनी खुशाल नियम करावेत, पण मालकाच्या सेल्फ-फंडेड प्लॅनला इन्शुरन्स समजायचं नाही. झालं! म्हणून एकाच बिल्डिंगमधल्या दोघींना दोन न्याय. मला स्वतःला हे अन्यायाचंच वाटतं, पण सुप्रीम कोर्टानेही १९९० मध्ये हेच उचलून धरलंय. (नोकरी सरकारी किंवा चर्चच्या संस्थेतली असेल तर एरिसा बहुतेक लागत नाही, तिथलं गणित निराळं.)

कार्डावर किंवा पुस्तिकेत ‘अ‍ॅडमिनिस्टर्ड बाय’ लिहिलेलं असेल तर सेल्फ-फंडेडची शंका घ्यायची. पण पक्कं उत्तर समरी प्लॅन डिस्क्रिप्शनमध्ये, म्हणजे प्लॅनचे नियम सांगणाऱ्या अधिकृत कागदात असतं, ते लेखी मागा, ३० दिवसांत द्यावं लागतं. सेल्फ-फंडेड निघालं तर राज्याच्या खात्याकडे जाऊन उपयोग नाही, फेडरल लेबर खात्याची एब्सा नावाची शाखा आहे तिला फोन करा. अपीलला नकाराची नोटीस मिळाल्यापासून १८० दिवस असतात, तेवढे वाया घालवू नका. मात्र प्लॅनमध्ये आयव्हीएफ नाही असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर अपील जिंकणं कठीण, त्यापेक्षा पुढच्या वर्षी हा बेनिफिट घाला म्हणून चार-पाच जणांनी मिळून एचआरच्या मागे लागलेलं बरं. आणि प्लॅन इन्शुअर्ड निघाला तर मात्र सोडू नका, राज्याकडेच तक्रार ठोका.

प्रश्न: मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर कॅलिफोर्नियात १४ जणांच्या कंपनीत होतो, मागच्या आठवड्यात ले-ऑफ झाला. एचआर म्हणतं कोब्रा (नोकरी गेल्यावरही कंपनीचा हेल्थ प्लॅन स्वतः पैसे भरून चालू ठेवायचा नियम) आपल्याला लागू नाही. खरंय का?

उत्तर: अर्धंच खरंय. फेडरल कोब्रा २० किंवा जास्त कर्मचारी असतील तरच. पण तुमच्याकडे राज्याचं कॅल-कोब्रा आहे, २ ते १९ जणांच्या कंपन्यांसाठी, आणि ते ३६ महिन्यांपर्यंत चालतं (फेडरलवाल्यांना नोकरी गेल्यावर साधारण १८च मिळतात). टेक्सासमध्ये असता तर राज्याच्या नियमाने नऊच महिने मिळाले असते. पण कॅल-कोब्रालाही वरच्या उत्तरातलीच अट, प्लॅन इन्शुअर्ड हवा, आणि कंपनीने ग्रुप प्लॅनच बंद केला तर हेही बंद. प्रीमियम पूर्ण तुमच्या खिशातून, कॅल-कोब्राला ११० टक्क्यांपर्यंत, त्यामुळे आकडा बघून दचकू नका. बायकोला नोकरी असेल तर तिच्या प्लॅनमध्ये शिरायला ३० दिवस असतात, ते आधी बघा, बहुतेक वेळा तेच स्वस्त पडतं.

आणि दोन ६० दिवसांचा घोळ करू नका. व्हिसाचा ६० दिवसांपर्यंतचा ग्रेस पिरियड वेगळा आणि कॅल-कोब्रा घ्यायचं की नाही हे कळवायचे ६० दिवस वेगळे, त्यांची मोजणीही वेगवेगळ्या दिवसापासून होते.

प्रश्न: मुलगा २६ चा होतोय, अजून नोकरी नाही. न्यू जर्सीत त्याला आमच्या इन्शुरन्सवर ३१ पर्यंत ठेवता येतं म्हणतात?

उत्तर: २६ पर्यंतचा नियम २०१० च्या फेडरल कायद्याचा, तो सेल्फ-फंडेडलाही लागतो. पुढचा ३१ पर्यंतचा राज्याचा, म्हणजे परत फक्त इन्शुअर्ड प्लॅनला, मुलाचं लग्न झालेलं नको, त्याला मूल नको, आणि प्रीमियम वेगळा भरावा लागतो. तुमचा प्लॅन सेल्फ-फंडेड असेल आणि कंपनीत २० किंवा जास्त माणसं असतील तर त्याला फेडरल कोब्रावर ३६ महिने मिळतील, पण वयामुळे तो बाहेर पडतोय हे ६० दिवसांच्या आत तुम्हीच कळवायचंय.