पाणी नेमके कुठे अडले आहे?

प्रश्न : आमचे पुढून दार असलेले वॉशिंग मशीन सहा वर्षांचे आहे. महिनाभरापासून धुणे संपले तरी ड्रमच्या तळाशी पाणी साठून राहते, दार उघडत नाही आणि पाणी बाहेर गेले नसल्याचा संकेत पडद्यावर लुकलुकत राहतो. कधी कपडे व्यवस्थित पिळून निघतात, तर कधी पाणी गळत असलेलेच हाती येतात. पाणी बाहेर टाकण्याची वेळ झाली की खालून घरघर ऐकू येते. दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांनी मशीन न उघडताच पंप बदलावा लागेल, असे सांगितले. पंप खरोखरच गेला असेल का?

उत्तर : तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टींवरून मला तसे वाटत नाही. घरघर ऐकू येते, याचा अर्थ पंपाला वीज पोहोचते आहे आणि त्याची मोटर फिरू पाहते आहे. शिवाय पाणी कधी जाते आणि कधी जात नाही. जळालेला पंप असा अधूनमधून बरा होत नाही. वाटेत काहीतरी अर्धवट अडकले असले की मात्र नेमके असेच घडते. पडद्यावरचा संकेतही पंपाविषयी काहीच सांगत नाही. एलजीच्या मशीनमध्ये ‘ओई’, सॅमसंगच्या मशीनमध्ये ‘५सी’ किंवा ‘५ई’ असे जे दिसते, त्याचा अर्थ एवढाच की ठरलेल्या वेळात पाणी उतरले नाही. मशीनला केवळ पाण्याची पातळी कळते, आणि तीही ड्रमभोवतीच्या बाहेरच्या टाकीच्या तळापासून निघालेल्या एका बारीक नळीत कोंडलेल्या हवेच्या दाबावरून. पाणी का उतरले नाही, हे आपणच शोधावे लागते.

त्यासाठी पाण्याची वाट डोळ्यांसमोर आणावी. टाकीच्या तळातून एक जाड रबरी नळी निघते, ती फिल्टरच्या खोबणीत येते, तिथून पाणी पंपात शिरते, पंप ते मागच्या लांब नळीत चढवतो आणि शेवटी ते घराच्या सांडपाण्याच्या पाइपमध्ये पडते. यांपैकी कोणत्या टप्प्यावर पाणी अडले आहे, हे ठरवण्याआधी एकही सुटा भाग विकत घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

सुरुवात फिल्टरपासून करावी. आधी प्लग सॉकेटमधून काढून घ्यावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. गरम पाण्याचे धुणे असेल तर पाणी निवेपर्यंत थांबावे. पुढच्या बाजूला खाली, बहुधा उजव्या कोपऱ्यात, एक छोटे झाकण असते. त्याच्या आत फिल्टरची गोल मूठ आणि बऱ्याच मशीनमध्ये शेजारीच बूच लावलेली एक बारीक नळी असते. ती नळी उथळ ताटात धरून साठलेले पाणी आधी काढून टाकावे. ताट अनेक वेळा भरेल, हे गृहीत धरून बसावे. अशी नळी नसेल तर फिल्टर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने अगदी थोडा सैल करावा, ताट भरत आले की पुन्हा आवळावा, आणि पाणी पूर्ण संपल्यावरच तो बाहेर ओढावा. घाईने फिल्टर काढला तर टाकीतले सगळे पाणी एकदम जमिनीवर येते आणि ते परत थोपवता येत नाही.

फिल्टरला धाग्यांचा नमद्यासारखा थर, नाणे, बटण, केसांची पिन असे काही ना काही सापडतेच. तो धुऊन झाला की बहुतेक लोक लगेच परत बसवतात, आणि तिथेच चूक होते. मोकळ्या झालेल्या खोबणीत टॉर्च मारून पाहावे. आतल्या टोकाला पंपाचा छोटा पंखा दिसतो. माझ्या स्वतःच्या मशीनमध्ये एकदा फिल्टर जवळजवळ स्वच्छ निघाला होता आणि घरघर मात्र तुमच्यासारखीच होती. टॉर्च तिरका धरल्यावर पंख्याच्या पात्याआड कंगव्याचा तुटलेला दात दिसला. पंखा दोन्ही बाजूंना अर्धाच फिरत होता आणि त्या दातावर आपटून थांबत होता. चिमट्याने तो दात काढला आणि त्याच दिवशी मशीनने पाणी पूर्वीसारखे फेकले.

पंखा पेन्सिलीच्या टोकाने हलवून पाहावा. तो गुळगुळीत फिरत नाही, थोडा अडत, झटके देत फिरतो. आत चुंबक असल्यामुळे असे होते, तो दोष नाही. उलट, काहीही अडथळा न लागता तो भिरभिरत असेल किंवा डुगडुगत असेल, तर तो दांड्यापासून निसटलेला असण्याची शक्यता मोठी आहे आणि तेव्हा पंप बदलणे रास्त ठरते. फिल्टर परत बसवताना त्याचे आटे आणि रबरी कडे पुसून घ्यावे, कारण तिथे एक धागा जरी राहिला तरी पाणी ठिबकत राहते.

यानंतर बादलीची चाचणी करावी. मागच्या नळीचे तोंड सांडपाण्याच्या पाइपमधून काढून, नेहमीच्याच उंचीवर, बादलीत धरावे. ड्रममध्ये चार-पाच लिटर पाणी ओतून फक्त पाणी काढण्याचा टप्पा चालवावा. बादलीत जोराची धार पडली तर मशीन निर्दोष आहे आणि तुमच्या घरचा पाइप तुंबलेला आहे. मग दुरुस्ती प्लंबरची, मशीनची नव्हे. धार बारीकच राहिली तर मशीन बंद करून, प्लग काढून, नळीचे तोंड जमिनीलगत एखाद्या पसरट भांड्यात खाली आणावे. पाणी आपोआप भरभर वाहू लागले तर वाट मोकळी आहे आणि पंपात जोर उरलेला नाही. तरीही ते थेंबथेंबच आले तर अडथळा नळीतच कुठेतरी आहे. नळी मशीनमागे चेपली गेली आहे का, तिला पीळ पडला आहे का, हे आधी पाहावे, मग ती सोडवून आतून धुवावी.

एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर टाकी आणि फिल्टर यांच्यामधली जाड नळी उरते. लहान मुलाचा पायमोजा दाराच्या रबराच्या घडीतून टाकीत उतरतो आणि या नळीच्या तोंडाशी बसतो. तो कधी तोंड झाकतो, कधी पाण्याबरोबर बाजूला सरकतो. ‘कधी जाते, कधी जात नाही’ या तुमच्या तक्रारीशी हे जुळते. मात्र ही नळी सोडवण्यासाठी मशीन आडवे करावे लागते आणि त्यात जड वजने बसवलेली असतात, त्यामुळे हे काम जाणकारावरच सोपवावे. त्यांनी पंप बदलायचाच म्हटले, तर जुना पंप तुमच्यासमोर काढून त्याचा पंखा दाखवण्याची विनंती करावी. अशी विनंती करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

प्रश्न : आमचे वरून झाकण असलेले मशीन दुसऱ्या खोलीत हलवले, तेव्हापासून पाणी फार हळू जाते आणि शेवटी थोडे राहतेच. नळी जमिनीपासून थोड्या उंचीवरच्या पाइपमध्ये अडकवली आहे. फिल्टर स्वच्छ आहे.

उत्तर : तुमच्या मशीनमध्ये पंप नसावा. वरून झाकण असलेल्या अनेक मशीनमध्ये तळाशी एक रबरी झडप असते. वेळ झाली की एक छोटी मोटर ती ओढून उघडते आणि पाणी केवळ स्वतःच्या वजनाने वाहून जाते. अर्धस्वयंचलित मशीनमध्येही हीच रचना असून, तिथे झडप आपण फिरवत असलेल्या मुठीला जोडलेल्या पट्टीने उचलली जाते. अशा मशीनची नळी जमिनीलगतच आडवी असावी लागते, कारण वर चढवलेल्या नळीतून पाणी तेवढ्या पातळीखाली उतरणारच नाही. नळी खाली आणून पाहावी. बहुधा प्रश्न तिथेच मिटेल. न मिटल्यास झडपेत धागे साठले आहेत का ते तपासून घ्यावे. झडप अर्धवट उघडी राहिली तर उलटे होते, म्हणजे धुणे चालू असतानाच पाणी निसटत राहते.

प्रश्न : मशीन पाणी भरत राहते आणि त्याच वेळी ते बाहेरही जात राहते. पंपाचा आवाज येत नाही.

उत्तर : पुढून दार असलेल्या मशीनची नळी फार खाली सोडली असेल किंवा सांडपाण्याच्या पाइपमध्ये घट्ट, खोलवर खुपसली असेल, तर ती पाणी आपोआप शोषून बाहेर ओढते. नळीचे वळण साधारण 60 ते 100 सेंटीमीटर उंचीवर असावे, तिचे टोक पाइपमध्ये सुमारे 15 सेंटीमीटरपेक्षा आत जाऊ नये आणि भोवती हवा जाण्यास जागा राहावी. तोंडाभोवती कापड किंवा चिकटपट्टी गुंडाळली असल्यास ती काढून टाकावी.

प्रश्न : ड्रममध्ये पाणी नसते, तरी कपडे ओलेचिंब निघतात. पाइप मोकळा करण्याचे रसायन मशीनमध्ये टाकावे का?

उत्तर : मुळीच टाकू नये, त्याने रबराचे आणि धातूचे भाग खराब होतात. ड्रम रिकामा होत असेल तर दोष निचऱ्याचा नसून पिळण्याचा आहे. एकच जड चादर किंवा गोधडी एका बाजूला गोळा झाली की तोल जातो आणि मशीन वेगाने फिरण्याचे टाळते. सोबत दोन-चार कपडे टाकून पुन्हा पिळून पाहावे. काचेतून फेस दिसत असेल तर साबण जास्त होतो आहे. पंपाला पाणी ढकलता येते, फेस ढकलता येत नाही. अशा वेळी कपडे काढून, साबण न घालता एकदा नुसत्या पाण्यावर मशीन चालवावे आणि पुढच्या धुण्याला पावडर निम्मी करावी.