सीड मनीवरची एक वर्षाची जागा घ्यावी का?

पत्र: मुलीने बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. केलं आहे. तिचे सर आणि शासकीय रुग्णालयातले एक डॉक्टर यांना मिळून विद्यापीठाने १० लाखांचा सीड मनी, म्हणजे संशोधनाच्या सुरुवातीसाठीचा छोटा निधी, दिला आहे. मधुमेही रुग्णाच्या पायाला जखम होण्याआधी सूचना देणारं बुटातलं इनसोल (आतला तळवा) करायचं आहे. मुलीला वर्षभर, महिना २५,००० रुपयांवर प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून बोलावलं आहे. दुसरीकडे वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत जास्त पगाराची सर्व्हिस इंजिनिअरची नोकरी मिळते आहे. तिचा ओढा संशोधनाकडे आहे. पण वर्ष संपल्यावर काय? – एक आई, सोलापूर

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

वर्ष संपल्यावर हाती काय असेल, हे रुजू होण्याआधीच बरंचसं ओळखता येतं. त्यासाठी सरांना पहिला प्रश्न पगाराचा विचारू नका. रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीकडे (रुग्णांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी समिती) प्रस्ताव गेला आहे का, ते विचारा.

निधीचं वर्ष बहुधा मंजुरीच्या तारखेपासून मोजतात. कमिटीची बैठक मात्र महिन्या-दोन महिन्यांनी होते. पहिल्या बैठकीत शंका निघतात, मराठी संमतिपत्र सोपं करून मागतात, सुधारलेला प्रस्ताव पुढच्या बैठकीत जातो. असे तीन-चार महिने सहज जातात आणि तोवर एकाही रुग्णाच्या पायाखाली इनसोल ठेवता येत नाही. शिवाय नव्या उपकरणाच्या रुग्णांवरच्या चाचणीला २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली परवाना लागतो का, हेही आधीच तपासायला हवं. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी लागते. प्रस्ताव अजून लिहायचाच असेल, तर तुमच्या मुलीचं अर्धं वर्ष कागदांत जाईल.

दुसरा प्रश्न: वर्षात नेमकं काय सिद्ध करायचं आहे? इथे बरेच प्रकल्प फसतात. ‘जखम आधी ओळखू’ हे एका वर्षात, तीस-चाळीस रुग्णांवर दाखवता येणार नाही. तेवढ्या काळात त्यांतल्या मोजक्याच जणांना जखम होईल, कदाचित कुणालाच होणार नाही, आणि ती न होणं हे तर आपल्याला हवंच असतं! दाखवता येईल ते वेगळं आहे. दोन्ही पायांच्या एकाच जागच्या तापमानात २.२ अंश सेल्सिअसहून जास्त फरक टिकून राहिला, तर तो धोक्याचा इशारा मानतात. इनसोलचा सेन्सर हा फरक नेहमीच्या इन्फ्रारेड थर्मामीटरइतकाच बरोबर टिपतो का, घामाने आणि वाकण्याने तारा किती दिवसांत तुटतात, रुग्ण ते दिवसाचे किती तास घालतो, एवढं एका वर्षात नक्की कळतं. शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा, कारण घरात आपण अनवाणी असतो आणि बाहेर बरेच जण चपलेवर. बुटातलं इनसोल दिवसातून दोनच तास पायाखाली असेल, तर ते चपलेच्या तळव्यात बसवायचं का, हे पहिल्याच महिन्यात ओपीडीत बसून विचारावं लागेल. त्या ओपीडीत तिला आठवड्यातून एक-दोन दिवस बसता येणार का, आणि डॉक्टर खरोखर सहसंशोधक आहेत की फक्त सहीपुरते, हे तिने डॉक्टरांना स्वतः भेटून पाहावं.

पैशांचा हिशेब असा. १० लाखांतले ३ लाख तिच्या मानधनात जातील. उरलेल्यात सेन्सर, सर्किट, वेगवेगळ्या मापांच्या जोड्या, रुग्णांचा प्रवासखर्च आणि विमा. रक्कम सहसा हप्त्यांनी येते आणि पुढचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र (आधीचे पैसे कशावर खर्चले याचा दाखला) दिल्यावर. खरेदी जेमवरून (सरकारी खरेदीचं पोर्टल) किंवा कोटेशन मागवून होते, तिला वेळ लागतो, म्हणून सेन्सरची मागणी पहिल्या पंधरवड्यातच जायला हवी. मार्चअखेर न खर्चलेली रक्कम परत जाऊ शकते.

पेटंटबाबत विशेष सांभाळा. परिषदेत पोस्टर लावलं आणि मग अर्ज केला, तर नावीन्य गेलं असं धरलं जाऊ शकतं. आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करावा; पूर्ण अर्जासाठी त्यानंतर १२ महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत आहे, तेव्हा खर्चाची सबब चालू देऊ नका. मालकी विद्यापीठाची राहील, पण संशोधक म्हणून तिचं नाव हवं. शोधनिबंधातल्या लेखकांचा क्रमही आत्ताच लिहून घ्यावा.

सीड मनीचं काम मोठ्या निधीसाठी पुरावा उभा करणं एवढंच आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कार-टी या कर्करोगावरच्या उपचाराला माणसांवरच्या पहिल्या चाचणीसाठी बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या पेस योजनेतून १९.१५ कोटी मंजूर झाले होते. एवढी रक्कम नुसत्या कल्पनेवर कुणी देत नाही, आधीचं काम पाहून देतात. तुमच्या मुलीपुढे पुढच्या वाटा तीन: पीएच.डी., आणि त्यात नेट किंवा गेटच्या आधारे महिना ३७,००० रुपयांची जेआरएफ ही संशोधनवृत्ती. बायरॅकचं बिग अनुदान, १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत, ज्यासाठी पुण्याचं व्हेंचर सेंटर हे नवउद्योगांना आधार देणारं केंद्र मदत करतं. किंवा उपकरण कंपनीच्या क्लिनिकल (चाचण्यांच्या) वा रेग्युलेटरी (सरकारी मंजुऱ्यांच्या) विभागात नोकरी. तिसऱ्या वाटेला एथिक्सचा प्रस्ताव स्वतः लिहिल्याचा अनुभव फार उपयोगी पडतो. सर्व्हिस इंजिनिअरला तो सहसा मिळत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. प्रस्ताव कमिटीकडे गेला असेल आणि डॉक्टर ओपीडी उघडी करून देत असतील, तर जागा घ्यावी. यातलं एकही नसेल, तर कंपनीची नोकरी घेऊ द्या आणि गेटची तयारी सुरू ठेवायला सांगा. एकच असेल, तर सरांकडून महिनावार वेळापत्रक लेखी मागवा. ते आठवडाभरात आलं नाही, तर उत्तर मिळालं असं समजा.