भाऊसाहेबांनी काढलेली नोटीस

"मॅडम, अप्पांना किती वेळा सांगायचं? व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं सगळं त्यांना खरं वाटतं."

हे गाऱ्हाणं माझ्याकडे जवळपास दर आठवड्याला येतं. नातं तेवढं बदलतं. कधी आई, कधी सासरे, एकदा तर एका शाळकरी पोरीनं स्वतःच्या वडिलांबद्दल हेच सांगितलं होतं. आजची गोष्ट सोलापूर जिल्ह्यातल्या एका निवृत्त तलाठ्याची. ओळख पटेल असे तपशील बदललेत. "लिहा, पण गावाचं नाव नको," एवढ्या अटीवर अप्पांनी परवानगी दिली आहे.

मुलगी पुण्यात नोकरीला. आई जाऊन तीन वर्षं झालेली, अप्पा गावी एकटे. एक दिवस त्यांना भेंडीच्या पाण्याचा मेसेज आला. रात्री भेंडी चिरून भिजवायची, सकाळी ते बुळबुळीत पाणी उपाशीपोटी प्यायचं, साखर मुळासकट जाते. खाली ठळक अक्षरांत : 'डॉक्टर हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत.' अप्पांनी गोळ्या बंद केल्या, त्याही कुणाला न सांगता. चार महिन्यांनी रक्त तपासलं, तेव्हा सातच्या आसपास असणारी तीन महिन्यांची सरासरी साखर दहाच्या पुढे गेली होती.

मुलगी हादरली आणि तिनं भावकीच्या ग्रुपवर एक लिंक टाकली. वर लिहिलं, 'अप्पा, प्लीज आधी चेक करत जा. लोक हसतात.' आणि लोक खरंच हसले, एका पुतण्यानं तर हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहराही टाकला. अप्पा ग्रुपमधून बाहेर पडले. मग तिचे फोनही घेईनासे झाले.

"खोटं ते खोटंच ना? माझं काय चुकलं?" तिनं विचारलं.

माझा पहिला सल्ला फारसा धड नव्हता, हे कबूल करते. ग्रुपवर नको, त्यांना एकट्याला खात्रीची माहिती पाठव, असं मी म्हटलं. तिनं इमानेइतबारे पाठवली. निळ्या टिका यायच्या, उत्तर नाही. महिन्याभरानं कळलं की पाठवलेलं सगळं इंग्रजीत होतं. हे मी आधीच विचारायला हवं होतं.

पुढे डोळे दाखवायला अप्पा पुण्याला आले आणि मुलीच्या आग्रहाखातर माझ्याकडे. खुर्चीच्या कडेवर बसले. "मला काही झालेलं नाही," हे पहिलंच वाक्य. मी मेसेजचा विषयच काढला नाही. फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीतला बदल, कसा धरतात, एवढं विचारलं.

माणूस खुलला. "खरेदीखत आणलं म्हणून लगेच सातबाऱ्यावर नाव चढत नाही, मॅडम. गाव नमुना ६ ला नोंद धरायची. हितसंबंधितांना नोटीस काढायची. पंधरा दिवस हरकतीला. मग मंडळ अधिकारी कागद बघून प्रमाणित करणार. आमच्या वेळी तोवर पेन्सिलनं लिहायचो." गावात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे, भाऊसाहेबच म्हणत. आणि त्याच माणसाला ग्रुपवर छत्तीस जणांदेखत 'चेक करत जा' म्हणून सांगितलं गेलं होतं.

मग म्हटलं, "तो भेंडीचा कागद दाखवता का?"

त्यांनी फोन काढला. रबर लावलेलं कव्हर, अक्षरं एवढी मोठी की पडद्यावर चारच ओळी मावायच्या. "यावर सही कुणाची?" "डॉक्टरचं नाव आहे की." "तारीख? शिक्का? हा डॉक्टर बसतो कुठं?" ते बोटानं वरखाली करत राहिले. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "हा कागद मी दप्तरात घेतला नसता."

मेसेजच्या डोक्यावर दोन बाण होते. त्याचा अर्थ सांगितला : हे पाच किंवा त्याहून जास्त हातांतून फिरत आलंय. असा मेसेज २०२० पासून एका वेळी एकालाच पुढे पाठवता येतो. "असं होय! मला वाटायचं रेंज नाही," अप्पा म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

राईनपाड्याचा विषय त्यांनीच काढला. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावानं मारली. "आमच्या मंगळवेढ्याकडची माणसं होती त्यात. ग्रामपंचायतीच्या खोलीत मारली." बराच वेळ बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

मुलीला पडलेलं कोडं वेगळं होतं : इतका चोख माणूस फसतो कसा? एक तर कार्यालयात कागद परका माणूस आणायचा, इथे साडू पाठवतो, जुना सहकारी पाठवतो. माणसावरचा विश्वास मजकुराला चिकटतो. दुसरं म्हणजे तोच मजकूर अप्पांना सात जणांकडून आला होता. तेच ते पुन्हा ऐकलं की खरं वाटू लागतं, हे अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच प्रयोगानं दाखवलंय. शिकलेला, न शिकलेला, कुणीच त्यातून सुटत नाही. मीही एकदा मीठ-हळदीच्या गुळण्यांचा मेसेज नणंदेला पाठवला होता. तिसरं मात्र मुलीला ऐकवेना : मेसेज पुढे पाठवला की कुणीतरी हात जोडतं, अंगठा दाखवतं. एकट्या घरात दिवसभरात तेवढीच चार माणसं बोलतात.

म्हणून आता कुणी असं विचारलं की मी आधी एवढंच विचारते, चूक दाखवलीत ती कुणासमोर आणि कुठल्या भाषेत? गोळ्या बंद झाल्या असतील तर वाद घालत बसू नका, रक्त तपासा आणि डॉक्टरांकडे न्या. आणि मेसेजपायी पैसे गेले असतील तर माझी वेळ नंतर घ्या, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा.

अप्पांच्या गोळ्या चालू आहेत. भेंडीचं पाणीही चालू आहे. गोळ्या सोडत नसाल तर प्या, असं त्यांचे डॉक्टर म्हणाले. ते ग्रुपवर परतले, पण दीड महिन्यानं आणि मुलीनं सगळ्यांसमोर माफी मागितल्यावर. ती तिला जड गेली.

गेल्या महिन्यात तिनं मला एक स्क्रीनशॉट पाठवला. तिनंच भावकीच्या ग्रुपवर एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये फिरणाऱ्या बिबट्याचा व्हिडिओ टाकला होता. खाली अप्पांचं उत्तर : 'सदर बिबट्या कोणत्या गावचा? दिनांक नाही. नोंद पेन्सिलनं धरली आहे. हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.'

त्याखाली पुतण्याचा तोच हसून रडणारा चेहरा. बिबट्याचं पुढे काय झालं, ते तिनं कळवलं नाही.