जुनी पॉइंटवाली बुलेट तापली की मिसिंग करते आणि सायलेन्सरमधून फटाके फुटतात, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे गाडी १९९१ ची स्टँडर्ड ३५० आहे. सकाळी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून निघताना छान चालते. मुरारहून परत येताना मिसिंग सुरू होतं, पिकअप मरतो आणि रेस सोडली की सायलेन्सर फटाके फोडतो. मिस्त्रीने प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा धुतला, पण फरक शून्य.

तिसऱ्यांदा कार्बोरेटर उघडू देऊ नका. "कचरा आ रहा है" हे ग्वाल्हेरच्या गॅरेजांचं ठरलेलं निदान आहे, पण कचरा इंजिन थंड आहे की गरम हे बघून येत नाही. थंडपणी नीट आणि तापल्यावर बिघाड असेल तर मी आधी कंडेन्सर, कॉइल (दोन्ही ठिणगी तयार करणाऱ्या सर्किटचे भाग), एक्झॉस्टचा टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) आणि टाकीचं झाकण बघेन.

झाकण सगळ्यात सोपं. त्यातलं हवेचं बारीक छिद्र बुजलं की टाकीत हवा शिरत नाही, आठ-दहा किलोमीटरनंतर पेट्रोल खाली उतरेनासं होतं आणि इंजिन उपाशी राहतं. मिसिंग सुरू झालं की तिथेच थांबून झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा 'सूं' आवाज आला आणि गाडी लगेच सुधारली, तर सुईने छिद्र मोकळं करा, काम संपलं.

तसं झालं नाही तर गाडी गरम असतानाच ठिणगी तपासा. घरी येऊन थंड इंजिनवर तपासली तर ती चांगलीच दिसणार. खिशात एक जादा प्लग ठेवा. तो कॅपमध्ये लावून त्याची बॉडी हेडच्या पंख्यांना टेकवा, इंजिनातला प्लग जागेवरच राहू द्या (भोक उघडं ठेवलं तर बाहेर येणारी पेट्रोलची वाफ पेटू शकते), डीकॉम्प्रेसर (एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलून कॉम्प्रेशन सोडणारा लिव्हर) दाबून किक फिरवा. ठिणगी निळसर, जाड, टकटक आवाजाची हवी. पिवळी, बारीक किंवा अधूनमधून गायब होत असेल तर दोष करंटचा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साठतं आणि पुढच्या चांगल्या ठिणगीची ज्वाळा त्याला पेटवते. तोच तुमचा फटाका.

आता पॉइंटची, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांची, टोपी काढा. पॉइंटच्या एका तोंडावर टेकाड आणि दुसऱ्यावर खड्डा दिसला, किंवा चालू इंजिनवर पॉइंटमध्ये मोठ्या पांढऱ्या-निळ्या ठिणग्या उडत असतील, तर पहिला संशय कंडेन्सरवर. पॉइंट उघडताना करंट त्यांच्या फटीतून उडी मारू नये, कॉइलचा प्रवाह झटक्यात तुटावा, म्हणून तो असतो. आतलं इन्सुलेशन म्हातारं झालं की तो थंडपणी चालतो आणि तापल्यावर गळतो. मीटरवर तपासत बसू नका, नवा लावा. महाग वस्तू नाही. मात्र नवा म्हणजे चांगलाच असं धरू नका. बाजारात डुप्लिकेट माल भरपूर आहे, म्हणून दोन घ्या. पॉइंटवर ऑइल चढलेलं असेल तर कपड्याने पुसा. पॉलिश पेपरने खूप घासू नका, तोंडं वाकडी होतात आणि खड्डे पुन्हा लवकर पडतात.

कॉइलसाठी आधी व्होल्ट बघा. चावी चालू, पॉइंट मिटलेले, अशा वेळी बॅटरीच्या टोकांवर आणि कॉइलच्या चावीकडून येणाऱ्या टोकावर मिळणाऱ्या आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. जास्त असेल तर बऱ्याचदा दोष चावीच्या स्विचमध्ये किंवा हेडलाइटच्या डब्यातल्या हिरव्या पडलेल्या जोडांत सापडतो. सगळं नीट असून गरम झाल्यावर ठिणगी मरतेच, तर कॉइल बदला.

बुलेटला अ‍ॅमीटर (बॅटरीत करंट जातोय की बाहेर येतोय हे दाखवणारा काटा) दिलेला आहे त्याचा उपयोग करा. लाइट बंद, चावी चालू, किक हळूहळू खाली दाबा. पॉइंट मिटले की काटा डिस्चार्जकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा झुकतच नसेल तर पॉइंट मिटत नाहीत किंवा तोंडं घाण आहेत. झुकून तिथेच राहिला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कुठेतरी वायर बॉडीला लागली आहे.

फट पॉइंट पूर्ण उघडे असताना फिलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. पॉइंटची कॅमवर घासणारी टाच झिजून फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडतं. इंजिन जास्त तापतं, एक्झॉस्टचा पाइप निळा पडतो, पिकअप जातो. म्हणूनच आधी फट, मग टायमिंग. उलट केलंत तर दोनदा काम. टाचेजवळ कॅमला ग्रीसचा अगदी बारीक ठिपका द्या.

टायमिंगसाठी पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकवर वरच्या टोकाच्या ०.८ मिलिमीटर आधी आणा. ऑटो अ‍ॅडव्हान्स (वेग वाढला की कॅम पुढे फिरवून ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा) पूर्ण मागे असताना पॉइंट त्याच क्षणी उघडायला लागले पाहिजेत. तो क्षण पकडायला बॅटरीच्या व्होल्टचा छोटा बल्ब कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकावरून बॉडीला जोडा. पॉइंट उघडताच बल्ब पेटतो. प्लगचं भोक तिरकं आहे, त्यात सायकलची तार घालून मापलेले ०.८ खरे ०.८ नसतात. डायल गेजवाला मिस्त्री मिळाला तर उत्तम. कॅम हाताने फिरवून सोडा, स्प्रिंगने चटकन परत आला पाहिजे. पुढे अडकून राहत असेल तर किक बॅक मारते, आणि बुलेटचा बॅक घोट्याचं हाड मोडू शकतो.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर टॅपेट. इंजिन पूर्ण थंड, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, उजवीकडचं टॅपेट कव्हर उघडा. दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणारे दांडे) बोटांनी मोकळे फिरावेत, पण वर-खाली खेळ अजिबात नको. एक्झॉस्टचा घट्ट असेल तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, जळता गॅस सायलेन्सरमध्ये निसटतो आणि हळूहळू व्हॉल्व्हची कडा जळते. डीकॉम्प्रेसरची केबल फार ताणलेली असली तरी हेच होतं, कारण ती एक्झॉस्ट व्हॉल्व्हलाच उचलते. लिव्हरला थोडी ढील हवीच. मिस्त्री लोक ही केबल सहसा बघत नाहीत.

फक्त रेस सोडल्यावर फटाके आणि बाकी गाडी ठीक, असं असतं तर मी एक्झॉस्ट पाइप हेडला जिथे बसतो तिथेच आधी बघितलं असतं. फटीभोवती काळं उमटलं असेल तर तिथून हवा आत जाते. तुमच्या गाडीत पिकअपही मरतोय, तेव्हा तो दुसरा नंबर.

कार्बोरेटरकडून फुसकारा येत असेल तर मिश्रण पातळ आहे किंवा टायमिंग फार पुढे. मंद चालू इंजिनवर कार्बोरेटरच्या फ्लँजभोवती डब्ल्यूडी-४० चा हलका फवारा मारा. आवाज बदलला तर तिथून एअर घेते, पॅकिंग बदला. गरम इंजिनवर यासाठी पेट्रोल वापरू नका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, याला सुमारे १३.५, म्हणजे जुन्या जेटवर (पेट्रोलचं माप ठरवणारं कार्बोरेटरमधलं छिद्र) मिश्रण आपोआप पातळ पडतं. प्लग पांढरा दिसत असेल तर कार्बोरेटरमधल्या सुईची क्लिप एक खाच खाली सरकवा, त्याने सुई वर येते. एअर स्क्रू दीड फेरी उघडा ठेवून तिथून सेट करा. आत फिरवला की मिश्रण जाड होतं. पण हे ठिणगीचं सगळं काम झाल्यावर.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दरवेळी गाडी आधी मुरारपर्यंत नेऊन तापवा. मग किल्ल्याच्या उरवाईच्या चढावर वरच्या गिअरमध्ये रेस द्या: कमजोर ठिणगी ओझ्याखाली लगेच उघडी पडते. उतरताना रेस बंद ठेवून फटाके ऐका. त्यानंतरही दम नसेल आणि डीकॉम्प्रेसर न दाबता किक मऊ लागत असेल, तर हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून बसवावे लागतील.