मूल नसलेल्याने शाळेचा कर का भरायचा?

प्रश्न : ताई, मी यंदा अमेरिकेत ओहायो राज्यात मुलीकडे राहून आले. घराच्या प्रॉपर्टी टॅक्सचं बिल पाहिलं, तर त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम शाळांसाठी! मुलीला मूलबाळ नाही. शेजारच्या आजोबांची मुलं कधीच मोठी होऊन गेली, तरी तेही भरतात. आणि एवढं करून वीस मिनिटांवरच्या गावातली शाळा मात्र पडकी. सरकारी शाळा फुकट म्हणायची, मग हा कर कशाचा? हे सुरू कुणी केलं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ओहायोतल्या एका सरकारी हायस्कुलात मी बरीच वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे हे बिल माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. अमेरिकेच्या संविधानात शिक्षणाचा उल्लेखच नाही. ते काम राज्यांचं, आणि राज्यांनी ते बव्हंशी स्कूल डिस्ट्रिक्टांवर, म्हणजे गावपातळीवर शाळा चालवणाऱ्या संस्थांवर सोपवलं. आज असे सुमारे १३,००० डिस्ट्रिक्ट आहेत. वॉशिंग्टनहून, म्हणजे केंद्र सरकारकडून येतो तो शाळांच्या खर्चाचा साधारण दहावा हिस्सा. बाकीचं राज्य आणि गाव मिळून भागवतं, आणि गावाच्या हातात घरा-जमिनीवरचा कर हेच मुख्य साधन.

सुरुवात जुनी आहे. १६४७ साली मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने कायदा केला : गावात पन्नास घरं झाली की लिहा-वाचायला शिकवणारा मास्तर नेमायचा, शंभर झाली की ग्रामर स्कूल, म्हणजे लॅटिन शिकवून विद्यापीठाची तयारी करून घेणारी शाळा काढायची. हेतू मुख्यतः धार्मिक होता, मुलांना बायबल वाचता यावं हा. पण जबाबदारी गावावर टाकली, ती कायमची.

तुमच्या मुलीच्या ओहायोचा यात मोठा वाटा आहे. १७८५ च्या जमीन-कायद्याने पश्चिमेकडचा मुलूख सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशा चौकोनांत मोजायला घेतला आणि ती मोजणी ओहायोपासून सुरू झाली. प्रत्येक चौकोनाचे छत्तीस तुकडे, आणि मधल्या भागातला १६ नंबरचा ६४० एकरांचा तुकडा शाळेच्या नावे राखलेला. ही जमीन शॉनी, डेलावेअर अशा मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली होती, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्यातून अपेक्षित पैसाही उभा राहिला नाही. जमिनी कवडीमोलाने भाड्याने गेल्या. शेवटी १८२५ मध्ये ओहायोने हजार डॉलरच्या मालमत्तेमागे पन्नास सेंट शाळाकर लावला. तुमच्या मुलीच्या बिलाचा हा पूर्वज. कृष्णवर्णीय मुलांना मात्र १८२९ च्या कायद्याने या शाळांची दारं बंद केली.

‘दुसऱ्याच्या पोराचा खर्च मी का करू?’ हा सवाल तेव्हाही जोरात होता. पेनसिल्व्हेनियात १८३४ च्या आधी सरकारी खर्चाने शिकायचं तर बापाने आपण कंगाल असल्याचं नोंदवावं लागे. लाजेपायी पुष्कळ जण मुलांना घरीच ठेवत. न्यूयॉर्कमध्ये सरकारी पैसा पुरेनासा झाला की उरलेला खर्च मुलाच्या हजेरीप्रमाणे पालकांकडून वसूल होई. चार पोरं शाळेत असली तर चौघांचा आकार. मग दोघांना शेतावर धाडलं जाई. ही पद्धत १८६७ मध्ये बंद झाली.

तुमच्या प्रश्नाला सर्वांत नेटकं उत्तर दिलं ते होरेस मान यांनी. १८३७ पासून बारा वर्षं ते मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचे सचिव होते. गावोगाव फिरून शाळांच्या इमारती, बाकं, पुस्तकं तपासत आणि दरवर्षी अहवाल लिहीत. शिक्षक घडवायला १८३९ मध्ये लेक्सिंग्टनला सरकारी नॉर्मल स्कूल निघालं. पहिल्या दिवशी तीनच मुली हजर होत्या, तरी मान यांनी ते रेटलं. १८४६ च्या अहवालात त्यांची मांडणी अशी : संपत्ती ही एका माणसाची, एका पिढीची नसते. मागच्यांनी झाडं लावली, रस्ते बांधले, म्हणून तुमच्या जमिनीला मोल आलं. तुम्ही तिचे विश्वस्त आहात आणि पुढच्या पिढीचं शिक्षण हे त्यावरचं देणं आहे. मूलबाळ असो वा नसो. मला हे शंभर टक्के पटतं. शेजारच्या आजोबांच्या मुलांची शाळा तरी कुणाच्या पैशावर चालली?

पण घरांच्या किमतीवर शाळेचं उत्पन्न ठरलं की महागड्या वस्तीची शाळा श्रीमंत आणि पडझडीच्या गावाची दरिद्री होणार. टेक्ससमधल्या गरीब डिस्ट्रिक्टच्या पालकांची तक्रार १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली. ओहायोत कोळशाच्या खाणींच्या पेरी काउंटीतून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) खटला उभा राहिला आणि १९९७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत राज्यघटनेविरुद्ध ठरवली. पुढेही तसे निकाल आले. राज्याचं अनुदान वाढलं, सूत्रं बदलली, पण कर वाढवायला गावाचं मत घेणं, म्हणजे ‘लेव्ही’, चालूच आहे. आमच्या डिस्ट्रिक्टची लेव्ही एकदा पडली, तर हायस्कूलच्या मुलांच्या बस बंद झाल्या आणि संगीताच्या बाईंची नोकरी गेली. दोन नोकऱ्या करणाऱ्या आयांची मुलं पहिल्या तासाला उशिरा येत, धापा टाकत. विरोधात मत दिलेले सगळे दुष्ट नव्हते. पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांना तो कर खरोखर झेपत नव्हता. हा भार राज्याने उचलायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : अमेरिकेत गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन निकालानंतर गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा लगेच एक झाल्या का?
– डी.एड.चा विद्यार्थी

उत्तर : नाही. एका ठिकाणी तर शाळाच बंद पडल्या.

व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत फार्मव्हिल गाव आहे. तिथलं मोटन हायस्कूल कृष्णवर्णीयांसाठी, १८० मुलांच्या हिशेबाने बांधलेलं. १९५० पर्यंत मुलं साडेचारशेवर गेली. काउंटीने आवारात डांबरी कागदाच्या खोल्या ठोकून दिल्या. शेगडीजवळचं पोर भाजून निघे, दारापाशी बसलेलं कोट घालून कुडकुडे. पाऊस आला की काही जण छत्री उघडून बसत. २३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने युक्तीने मुख्याध्यापकांना बाहेर पाठवलं, सगळ्या मुलांना सभागृहात जमवलं आणि संप पुकारला. त्यातून उभा राहिलेला खटला ब्राउन निकालातल्या पाच खटल्यांपैकी एक.

न्यायालयाने एकत्र शाळांचा हुकूम दिल्यावर १९५९ मध्ये काउंटीच्या मंडळाने शाळांसाठी एक डॉलरही मंजूर करायचं नाकारलं. कर नाही, म्हणून शाळा नाही. गोऱ्या मुलांसाठी खाजगी ॲकॅडमी निघाली. सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुलं उघड्यावर पडली. काहींना नातेवाइकांकडे परगावी पाठवलं, काही चर्चच्या तळघरातल्या वर्गांत बसली, बरीच तंबाखूच्या शेतात राबली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की शाळा उघडण्यासाठी मंडळाला कर बसवायला भाग पाडता येईल. त्या सप्टेंबरात शाळा उघडल्या. गोरी मुलं बहुतेक ॲकॅडमीतच राहिली.

दहा वर्षांच्या मुलाची पाच वर्षं गेली की काय उरतं, हे शिक्षक होणाऱ्या तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. व्हर्जिनियाने २००४ साली या मंडळींसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. तोवर ती पन्नाशी-साठीला आली होती, आणि तरीही त्यांतले काही जण अर्ज करून पुन्हा वर्गात जाऊन बसले.