कॅलिफोर्नियातलं सेसार चावेझ राष्ट्रीय स्मारक म्हणजे नेमकं काय? तिथे पुतळा का नाही?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: नकाशावर 'सेसार चावेझ' टाकलं की वेगवेगळी ठिकाणं का येतात, राष्ट्रीय स्मारकाच्या फोटोंत पुतळा का दिसत नाही, आणि व्हेनेझुएलाच्या अध्यक्षाचं स्मारक अमेरिकेने का केलं.

शेवटचा प्रश्न आधी घेतो. व्हेनेझुएलाचे ते ह्यूगो चावेझ. हे स्मारक सेसार चावेझ यांचं. त्यांचा जन्म 31 मार्च 1927 चा, अमेरिकेतच, ॲरिझोनातल्या युमाजवळचा. घरची शेती गेली आणि सगळं कुटुंब कॅलिफोर्नियात पिकांमागे फिरत मजुरी करू लागलं. पुढे त्यांनी डोलोरेस वेर्ता यांच्यासोबत शेतमजुरांची संघटना बांधली. नावांची ही गफलत जुनीच आहे. 2013 साली 31 मार्चला गूगलने सेसार यांचं चित्र मुखपृष्ठावर लावलं. ह्यूगो चावेझ त्याच महिन्याच्या 5 तारखेला वारले होते, त्यामुळे बऱ्याच लोकांना ते चित्र त्यांचंच वाटलं.

आता पुतळ्याचं. आपल्याकडे स्मारक म्हटलं की चौथरा आणि पुतळा डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत 'राष्ट्रीय स्मारक' हा जमिनीला मिळणारा कायदेशीर दर्जा आहे. 1906 च्या एका कायद्याने केंद्र सरकारच्या मालकीच्या जमिनीवरची ऐतिहासिक किंवा नैसर्गिक महत्त्वाची जागा राष्ट्राध्यक्ष एका घोषणापत्राने राखून ठेवू शकतात. राष्ट्रीय उद्यानासाठी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करावा लागतो, इथे तो लागत नाही. ग्रँड कॅन्यनसुद्धा 1908 मध्ये आधी राष्ट्रीय स्मारक झालं आणि 1919 मध्ये उद्यान. म्हणजे दरी, डोंगर, जुनी इमारत, काहीही राष्ट्रीय स्मारक असू शकतं.

चावेझ स्मारकाची घोषणा बराक ओबामा यांनी 8 ऑक्टोबर 2012 रोजी केली. जागा कर्न काउंटीतल्या कीन या छोट्या गावात, तेहाचापीच्या डोंगरात आहे. पूर्वी इथे क्षयरोग्यांचं रुग्णालय होतं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला संघटनेने मुख्यालय इथे हलवलं आणि जागेला 'ला पाझ' नाव दिलं. चावेझ शेवटपर्यंत इथेच राहिले. एप्रिल 1993 मध्ये ते वारले, त्यांची कबरही इथेच आहे.

जाणाऱ्यांचा खरा गोंधळ पुढे होतो. ला पाझची एकूण जमीन 187 एकर आहे, पण सरकारला दान मिळालेला आणि स्मारक म्हणून घोषित झालेला भाग फक्त साडेदहा एकरांच्या आसपास. बाकीची जमीन चावेझ यांच्या नावाच्या संस्थेकडे आहे आणि तिथे आजही कामकाज चालतं. म्हणून एखादं फाटक बंद दिसलं तर 'स्मारक बंद आहे' असं समजून परत फिरू नका. पाहुण्यांसाठी आहे ते अभ्यागत केंद्र, त्यातलं प्रदर्शन, चावेझ यांचं जसंच्या तसं राखलेलं कार्यालय आणि कबरीभोवतीची बाग. बागेतल्या कारंज्याच्या पाच धारा चळवळीत जीव गमावलेल्या पाच जणांसाठी आहेत. तिथे थोडं थांबा. या पाचांत येमेनहून आलेला एक तरुण मजूरही होता, हे फार थोड्यांना माहीत असतं.

प्रवेशाला तिकीट नाही. तंबू ठोकायची सोय किंवा लांब पायवाटा मिळतील या आशेने जाऊ नका. दोन तास पुरतात. बेकर्सफील्डहून 58 क्रमांकाच्या महामार्गाने पूर्वेला साधारण 45 किलोमीटरवर कीनचा फाटा लागतो. लॉस एंजेलिसकडून येणाऱ्यांना मोहावी गावावरून पश्चिमेकडे येणंही जमतं. उघडण्याचे दिवस आणि वेळा बदलतात, त्या नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर निघायच्या आदल्या दिवशी पाहा. रेल्वेची आवड असेल तर जवळच तेहाचापी लूप आहे. लांबलचक मालगाडी तिथे वळसा घेत स्वतःच्याच डब्यांखालून जाते.

नकाशावर शोधताना नुसतं 'सेसार चावेझ' टाकू नका, 'नॅशनल मॉन्युमेंट, कीन' हे शब्द जोडा. नाहीतर सॅन फ्रान्सिस्कोतला रस्ता येईल (पूर्वीचा आर्मी स्ट्रीट), सॅन होजे किंवा सॅक्रामेंटोचा चौक येईल, नाहीतर बर्कलीचं खाडीकाठचं उद्यान. बे एरियातली (सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरातली) मराठी मंडळी त्या उद्यानात फिरायला जात असतीलच. तिथे चावेझ यांच्या स्मरणार्थ उभारलेली सौर दिनदर्शिका आहे, पण ते राष्ट्रीय स्मारक नव्हे. सॅन होजे स्टेट विद्यापीठातली चावेझ यांच्या स्मरणार्थ उभारलेली कमानही वेगळी, ती 2008 ची.

अजून एक गैरसमज मला जास्त महत्त्वाचा वाटतो. द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा प्रसिद्ध संप कीनमध्ये झालाच नाही. तो झाला डेलानोला, कीनपासून रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटरवर. आणि त्याची सुरुवातही चावेझ यांनी केली नव्हती. 8 सप्टेंबर 1965 रोजी लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजूर मळ्यांतून बाहेर पडले. चावेझ आणि वेर्ता यांची संघटना 16 सप्टेंबरला त्यांना सामील झाली. पुढे देशभर द्राक्षांवर बहिष्कार झाला आणि जुलै 1970 मध्ये मळेवाल्यांनी करार केले. एकाच माणसाच्या नावाचं स्मारक पाहून आलेल्याला हा क्रम कळत नाही, आणि फिलिपिनो मजुरांवर तो अन्याय होतो. चावेझ यांच्यावरची टीकाही वाचावी. विनापरवाना स्थलांतरित संप मोडतात म्हणून 1974 च्या सुमारास संघटनेने त्यांच्याविरुद्ध मोहीम चालवली, आणि त्या दशकाच्या अखेरीस अनेक जुने सहकारी दूर लोटले गेले.

म्हणून वेळ असेल तर आधी डेलानो, मग कीन असं करा. डेलानोत गार्सेस हायवेवर 'फॉर्टी एकर्स' आहे. तिथे संघटनेचं सभागृह, पेट्रोल पंप आणि दवाखाना होता. गांधीजींना मानणाऱ्या चावेझ यांनी 1968 चा 25 दिवसांचा उपवास त्याच पेट्रोल पंपाच्या इमारतीत केला. आवारातच वयस्क फिलिपिनो मजुरांसाठी बांधलेली आग्बायानी व्हिलेज ही वसाहत आहे. या जागेला 2008 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, तो राष्ट्रीय स्मारकापेक्षा वेगळा. त्यामुळे कीनसारखं अभ्यागत केंद्र तिथे मिळेल असं धरून जाऊ नका. बरंचसं बाहेरूनच पाहावं लागेल.